मनोऱ्याखालचं घर

चुकीच्या टेकडीवरच्या चुकीच्या मनोऱ्यासमोर मी सावधान उभा राहिलो आणि कडक सॅल्यूट ठोकला. डोळेही पुसले. मग तिथले पाद्री बाहेर आले. मी सांगितलेलं गावाचं नाव त्यांनी चारदा ऐकून घेतलं आणि दरीपलीकडच्या टेकडीकडे बोट दाखवलं. पलटणीत मी रंगरुटांना मॅप रीडिंग शिकवायचो, हे त्यांना सांगितलं नाही.

साल साठ-एकसष्टच्या आसपासचं. दुसरं महायुद्ध संपल्यावर पलटण सोडून मी बेंगळूरच्या एका कारखान्यात फोरमन झालो होतो. नवीन मशीन शिकायला कारखान्यानं मला इटलीला धाडलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी बेंगळुरातच चामराजपेटला गेलो. तिथे दत्तूची आई धाकट्या मुलाकडे राहायची. लान्स नायक दत्तू माझ्या प्लाटूनचा ब्रेन गनर, म्हणजे हलकी मशीनगन चालवणारा. तो इटलीतच, त्या टेकडीवरच्या गावात कामी आला.

"तिकडंच निघालास न्हवं?" म्हातारी म्हणाली. "मग स्वल्प चौकशी कर, बाबा. शेवटाला त्याच्या तोंडात पाणी घातलं का कुणी?"

दर दसऱ्याला ती हेच विचारायची. आणि मला ते खरंच माहीत नव्हतं.

दत्तू गेला त्या सकाळी आमची प्लाटून टेकडीच्या पायथ्याशी, द्राक्षांच्या मळ्यात अडकली होती. वर मनोऱ्यात जर्मन मशीनगन. प्लाटून कमांडर जखमी होऊन मागे गेलेले. मी हवालदार, प्लाटून माझ्याकडे. कंपनीकडून वायरलेस खरखरला; त्यावर आमचं नाव 'वन'.

"वन, का थांबलात? ओव्हर."

"मनोऱ्यातून फायर. ओव्हर."

"मनोरा गप्प करा. आउट."

दत्तूनं ब्रेन उचलली. "मी डावीकडनं जातो. हवालदारसाहेब, तुम्ही डोकं खाली ठेवा. टार्गेट मोठं आहे."

एवढं बोलून तो बांधाच्या आडानं सरकला. त्याच्या फायरच्या आडोशानं आम्ही वर चढलो. मनोरा हाती आला तेव्हा दत्तूच्या छातीत गोळी होती. मनोऱ्याखालच्या पहिल्या घरात त्याला नेलं. काळ्या कपड्यांतली एक बाई होती. तिनं गादी ओढून दिली. तेवढ्यात सेटवर हुकूम आला : थांबू नका, पुढचा कडा घ्या. स्ट्रेचर येईपर्यंत दत्तूला त्या बाईच्या हवाली करून आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी नदीकाठी त्याला अग्नी दिला, तेव्हाही मी त्या कड्यावरच होतो.

तर, आता खऱ्या टेकडीवर. लढाईत या गावाच्या खिडक्या मी पाहिल्या होत्या त्या फक्त गोळी कुठून येईल एवढ्यासाठी. आता त्याच खिडक्यांत डब्यांमधून तुळशीसारखी रोपं लावलेली. मधाच्या रंगाची दगडी घरं खांद्याला खांदा लावून उभी. पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झालेल्या. फुटलेला मनोरा लोकांनी त्याच दगडांनी पुन्हा चढवला होता. फोरमनच्या नजरेनं मी जोड शोधला, सापडला नाही. आणि दोन घरांच्या फटीतून समुद्र दिसत होता, निळाशार. तो तेव्हाही तिथेच असणार. मला मात्र अजिबात आठवत नव्हता.

चौकात बाकावर माझ्याच वयाचा एक माणूस बसला होता. नाव तोनिओ.

"इंडियानो?"

"बेंगळूर," मी म्हणालो.

तो ताडकन उठला. लढाईत इटालियन कैद्यांची छावणी बेंगळूरजवळ जालहळ्ळीला होती. "जालहळ्ळी! हम उधर कैदी. तुम्हारा दाल, बहुत पानी!"

"आमच्या लंगरातही तशीच असायची," मी म्हणालो. दुभाषा मिळाला.

त्यानं मला त्या घरी नेलं. बाईचे केस पांढरे झाले होते. तोनिओनं सगळं सांगितल्यावर तिनं मला बसायला खुर्ची दिली. मग बोलली. तोनिओ आपल्या कैदेतल्या हिंदीत सांगत गेला.

"जर्मन जाते टाइम कुआँ उडाया. घर में पानी नहीं. वाइन था. कपडा भिगोया, मुँह में डाला. सिर इधर रखा." बाईनं मांडीवर हात ठेवला. "वो अपना बोली बोलता, ये अपना. फिर वो चुप."

दर वर्षी ती त्याच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, पण नाव माहीत नव्हतं. मी सांगितलं. नीट जमेपर्यंत ती ते म्हणत राहिली. "दत्तू. दत्तू." मग पाव आणि चीज पुढे ठेवलं आणि माझं खाऊन होईपर्यंत समोरून हलली नाही.

घरी परतलो ते नवीन काळजी घेऊन. दत्तूच्या घरी दारू उंबऱ्याच्या आत आलेली नाही. पलटणीत त्याच्या वाट्याची रमसुद्धा मीच प्यायचो, मित्राखातर. आता त्या माउलीला काय सांगू? पाणी नव्हतं, पोराच्या तोंडात दारू घातली?

"पाणी घातलं म्हणूनच सांगतो," मी म्हणालो.

बायको तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"अहो, दत्तूच्या आई पाण्याचं विचारतात कुठे? लेकरू एकटं तर गेलं नाही ना, एवढंच विचारतात. त्या बाईनं मांडीवर डोकं घेतलं होतं, ते आधी सांगा. मग वाइनचं. घरात होतं ते दिलं तिनं, मीही तेच दिलं असतं. थांबा, साडी बदलते. मीपण येते."