हात लावून बघा

"दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत. डायलिसिस लगेच सुरू करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. मी पाय सुजले म्हणून आलो होतो. दोष नव्या चपलांना देत होतो.

डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीनने करायचं. रक्त बाहेर काढायचं, गाळायचं, परत सोडायचं. आठवड्यातून तीनदा. त्यासाठी डाव्या हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. तिथली शीर फुगून दोरासारखी वर येते आणि बोट ठेवलं की आत सतत थरथर जाणवते. मला ते बघवत नसे. मे महिन्यातही मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचो.

मी एकटाच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेला, आता तेही काम उरलेलं नाही. हे सगळं कुणासाठी करायचं? शेवटी डॉक्टरांना सांगून टाकलं, "मला हे थांबवायचंय."

"थांबवलंत तर फार दिवस मिळणार नाहीत. निर्णय तुमचा, पण विचार करा," ते म्हणाले.

शेजारच्या खुर्चीवर गायकवाडबाई असायच्या. निवृत्त शिक्षिका, डायलिसिसच्या जुन्या पेशंट. मांडीवर बायबल. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अहो जोशी, विचारच करायचाय ना? मग हे वाचा. सवयीप्रमाणे चुका काढा."

चुका काढायला सांगितल्यावर पुणेकर नाही म्हणेल होय? येशूच्या पुनरुत्थानाची हकीकत चौघांनी लिहिली आहे. मी लगेच पकडलं. कबरेपाशी किती बायका गेल्या, यावर चौघांचं एकमत नाही. कुणी एक देवदूत म्हणतो, कुणी दोन.

बाई हसल्या. "ठरवून रचलं असतं, तर आधी तुमच्यासारख्याकडून तपासून नसतं का घेतलं?"

मी पुढचं पान उलटलं. मग आम्ही दर वेळी एकच प्रसंग वाचू लागलो. मी हरकत काढायची, बाईंनी उत्तर द्यायचं, नाहीतर सरळ "मलाही कळत नाही" म्हणायचं. त्यांचं हे म्हणणं मला फार आवडे. थांबवण्याचा विषय मागे पडला.

माझी सर्वांत मोठी हरकत जखमांवर होती. येशू मरणातून उठला, मग हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा तशाच कशा? वर तो शिष्यांना म्हणतो, हात लावून बघा! "ही दुरुस्ती राहून गेली," मी म्हणालो. बाई त्या दिवशी थकल्या होत्या. "पुढच्या वेळी बोलू," म्हणाल्या.

पुढच्या वेळी त्यांची खुर्ची रिकामी होती. हृदय बंद पडलं, असं सिस्टरने सांगितलं. मी खुर्चीतच रडलो. त्यानंतरच्या डायलिसिसला गेलोच नाही. घरी बसलो. धाप लागू लागली.

तेवढ्यात बाईंच्या मुलीचा फोन आला. "काका, उद्या ईस्टर. तुम्हाला पहाटे दफनभूमीत आणायचंच, असं आईने सांगून ठेवलं होतं. मी न्यायला येते."

मराठी ख्रिस्ती कुटुंबं त्या पहाटे आपल्या माणसांच्या कबरी झाडतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावून गातात. बाईंची माती अजून ओली होती. प्रभू उठला आहे, असं लोक एकमेकांना सांगत होते आणि रडतही होते. तिथे मला उत्तर मिळालं. खुणा पुसून उठला असता, तर तो आपला वाटला असता का? आपलं दुःख अंगावर ठेवूनच तो उठला होता. मी त्या मातीपाशी विश्वास ठेवला. धापा टाकतच मुलीला म्हटलं, "मला हॉस्पिटलात ने."

डॉक्टर रागावले, पण मशीन लावलं.

आजार गेला नाही, जाणारही नाही. पुढे मी बाप्तिस्मा घेतला. मला पाणी मोजूनमापून मिळतं, म्हणून चर्चमधल्या प्रभुभोजनात मिळणारा द्राक्षरसाचा घोट त्यात धरायचा का, असं पाळकांना विचारलं. ते बिचारे बघतच राहिले.

तुमच्यापैकी कुणाला डायलिसिस सांगितलं असेल, तर घाबरू नका असं मी म्हणणार नाही. खुशाल घाबरा, पण या. आणि शेजारच्याशी बोला.

परवा बाईंच्या खुर्चीवर कात्रजचे एक गृहस्थ आले. पहिलाच दिवस. डावा हात बाहीत दडवून बसले होते. "या जगण्याला काय अर्थ आहे हो?" म्हणाले.

मी हल्ली अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालतो. माझा हात त्यांच्यापुढे धरला.

"हात लावून बघा."

त्यांनी भीतभीत बोट ठेवलं. आत थरथर चालूच होती.