उलट्या बाजूला कललेले टाके

शिंपीकाकांचा मुलगा लढाईत कामी आला हे अख्ख्या गल्लीनं मानलं, फक्त बापानं नाही. आणि बापाची समजूत घालायची कुणी? काकूंनीच! संसारातली असली कामं बायकांच्याच वाट्याला येतात.

पोरगा दुकानात रमणारा नव्हता. मापं घ्यायला सांगितली की टेप गळ्यात अडकवून दारात गप्पा हाणत उभा. मशीनला तर हात लावायचा नाही. हातशिलाई तेवढी आईकडून शिकला. एकोणीस पुरी झाली नि पठ्ठ्या सैन्यात भरती झाला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा गणवेश अंगावर नुसता लोंबत होता. काकांना ते बघवेना. सरकारी शिंप्याचा उद्धार करत त्यांनी सदरा उसवला आणि मशीनवर अंगाबरोबर करून दिला.

"आता कुठे माणसात आलास," म्हणाले. जन्मात केलेलं कौतुक ते एवढंच.

मग लढाई पेटली. चार महिन्यांनी दोन अधिकारी एक पत्र आणि त्याच्या सामानाची पेटी देऊन गेले. अंत्यविधी तिकडेच उरकला होता. काकांनी पेटीतला सदरा उलटा केला, शिवणीवर अंगठा फिरवला आणि ताठ बसले.

"ही माझी शिवण नव्हे. दुसऱ्याच कुणाचे कपडे आलेत. आपला आहे कुठेतरी."

काकूंनी सदरा घेतला. शिवण हाताची होती आणि टाके उलट्या बाजूला कललेले, डावखुऱ्याचे. पोराच्या डाव्या हाताला सुई धरायला त्यांनीच समोर बसून शिकवलं होतं. तिकडे पोरगा अंगानं भरला असणार, सदरा दाटला असणार, म्हणून बापाची शिवण उसवून त्यानं तो हातानं सैल शिवला. बापाला कळवायची काय छाती होती त्याची!

काकूंनी सदरा घडी करून पेटीत ठेवून दिला. महिना गेला. सांत्वनाला येणाऱ्यांना काका दारातूनच पिटाळत. "जिवंत पोरासाठी गळे काढता? लाजा नाही वाटत?" आणि एका सकाळी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, पिशवी भरली. सीमेवरची इस्पितळं पालथी घालणार म्हणे. गुडघे हे असे, तिकडे तोफा चाललेल्या.

आता मात्र काकूंनी सदरा आणून पुढ्यात ठेवला.

"अहो, जाऊ नका. त्यानंच शिवलाय हा. टाके बघा कुठे कललेत."

काकांनी चष्मा चढवला, सदरा खिडकीपाशी नेला. टाके एकेक करून निरखले.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही दोन घास जेवत होतात. म्हटलं, जेवताहेत तोवर जेवू देत."

काकांनी शिवणीवरून बोट फिरवलं. टोकाला ते अडलं.

"गाढवाला हजारदा सांगितलं, गाठ आत दडव म्हणून. बघ, उघडीच ठेवलीय," म्हणाले, आणि त्यांना हुंदका फुटला. "अंगाला टोचत असेल गं त्याच्या."