कॉर्टिसॉलच्या तपासणीला मी खोटं बोलले

आधी सुलभाताईंचं नाव लिहिते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त घेतात त्या. माझी शाळा आठवीत सुटली, नीट मांडता येईल की नाही ठाऊक नाही. पण त्या नसत्या तर हे लिहायला मी उरले नसते.

"तुमचं कॉर्टिसॉल फार कमी आहे," डॉक्टर म्हणाले, तेव्हा तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. किडनीच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. त्यांचं हार्मोन म्हणजे कॉर्टिसॉल. बीपी, साखर, अंगातली ताकद ते सांभाळतं. सकाळी आठच्या सुमारास ते भरपूर असतं, म्हणून रक्त तेव्हाच घेतात. माझं तेव्हाही तळाला होतं.

मी वर्धा जिल्ह्यातली. येरवड्यात खोली करून राहते, एका कंपनीच्या कँटीनला पोळ्या करते. उभं राहून गुडघे धरायचे, म्हणून आई गावातल्या एका माणसाकडून पुड्या घेऊन पाठवायची. रोज एक, अशी दोन वर्षं खाल्ली. दुखणं गेलं. चेहरा गोल झाला, तर आई म्हणाली, "पुन्याचं पानी मानवलं वो तुले!" मग तो माणूस गाव सोडून गेला, पुड्या संपल्या. आठवड्याभरात उलट्या, चक्कर, आणि एक दिवस तव्यापुढेच कोसळले.

काही औषध चालू होतं का, असं डॉक्टरांनी तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं. पुडीला कोणी औषध म्हणतं का? रक्त द्यायला लॅबमध्ये गेले, तिथल्या बाकावरून मी गुडघ्यावर हात टेकून उठले ते सुलभाताईंनी पाहिलं. "काय लावता गुडघ्याला?" "लावत नाही, पुडी खायचे." त्यांनी सुई खाली ठेवली. "अहो, मग हे डॉक्टरांना कोण सांगणार? मीच ना?"

पुडीत स्टेरॉइड असणार, कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं, डॉक्टर म्हणाले. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर ग्रंथींनी काम सोडलं होतं. हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच, गोळ्या सुरू झाल्या. "एक दिवसही चुकवायची नाही," त्यांनी बजावलं.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. या वेळी मात्र आदल्या सकाळनंतर गोळी घ्यायची नाही, असं सांगितलं. मला धडकी भरली. बसमध्ये पडले तर? निघताना गोळी गिळूनच निघाले.

"गोळी?" ताईंनी विचारलं.

"नाही घेतली." घेतली म्हटलं असतं तर परत पाठवलं असतं, पुन्हा रजा मागावी लागली असती.

रक्त घेऊन झालं. नळीवर नाव लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "चांगलं आलं तर गोळी बंद होईल हो तुमची." आत्ता गप्प बसले तर माझ्या हातानेच मी पुन्हा तव्यापुढे पडणार होते.

"ताई, घेतली. सकाळी घेतली."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, परीक्षा तुमच्या ग्रंथीची आहे, गोळीची नाही. मशीनला दोन्ही कॉर्टिसॉल सारखंच दिसतं. गोळी पास झाली असती आणि तुम्ही गेला असता." नळी बाजूला ठेवली. मग आवाज जरा उतरवून विचारलं, "भीती वाटली का?"

मी रडले. त्यांनी डॉक्टरांशी बोलून माझ्या सुट्टीच्या वाराची वेळ मागून घेतली. "रिक्षाने या. मी साडेसातलाच येते. पडायचंच असेल तर माझ्यासमोर पडा."

त्या दिवशी त्यांनी मला कॉटवर झोपवून रक्त घेतलं आणि लगेच हातावर गोळी ठेवली. आकडा पहिल्यापेक्षा वर आला होता, पण पुरेसा नव्हता. "ग्रंथी जागी होतेय, पण घाई नको," डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालूच आहेत. वाईट वाटलं, पण तो आकडा माझा स्वतःचा होता.

तुमच्यापैकी कोणी अशी पुडी खात असेल तर डॉक्टरांना दाखवा. मनाने बंदही करू नका. आणि तपासणीच्या दिवशी गोळी चुकून घेतली असेल तर सांगून टाका. ओरडा खाऊन कोणी मरत नाही.

सुलभाताईंनी माझ्याकडून कधी चहासुद्धा घेतला नाही. खडकीला एकट्याच राहतात. पुढेमागे मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय म्हणतात, डोळ्यात थेंब माझे मी घालीन म्हणतात. घालतील तशा! तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला जाणार. नको म्हणतील, बोलतील चार शब्द. मी जाणार.