प्लग रिकामा आहे म्हणून

जुन्नरला आमच्या दुकानात फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात वितळलेल्या पिना, काळे पडलेले सॉकेट आणि जळके फ्यूज भरलेत. मी आणि रफिकभाई वीसेक वर्षं घरांचं वायरिंग करतोय. रफिकभाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, आणि काही म्हणून टाकून द्यायचं नाही हा त्यांचा स्वभाव. मी दोनदा तो डबा भंगारात दिला, दोन्ही वेळा ते जाऊन परत घेऊन आले. "सुनील, यातल्या एकेका पिनेमागं एक घर आहे," म्हणाले. आता डब्याचं झाकण लागत नाही. किश्श्यांचंही तसंच झालंय.

*

लेण्याद्रीच्या वाटेवर राहणाऱ्या एका गुरुजींनी एसी घेतला. घेतल्यावर आम्हाला बोलावलं. आमच्याकडं हा क्रम ठरलेला आहे: आधी वस्तू, मग वायरमन!

"घराला लोड झेपेल का, विचारलं का कुणाला?" मी म्हणालो.

"त्यात काय विचारायचं? बोर्डावर एक प्लग रिकामा आहे की!"

तो प्लग मोबाईल चार्जरसाठीचा. मागची वायर शेवईएवढी. रफिकभाईंनी बोर्ड उघडून त्यांना दाखवली आणि म्हणाले, "गुरुजी, एसटीत एक सीट रिकामी आहे म्हणून तिथं म्हैस बसवाल का?"

गुरुजींनी प्रामाणिकपणे विचार केला.

"किती लांब जायचंय?"

*

ओतूरकडच्या एका शेतकऱ्याचा फ्यूज रोज उडायचा. इस्त्री आणि इंडक्शन एकदम लावलं की गेला! मग महिनाभर त्याचा फोनच नाही. एकदा त्याच बाजूला गेलो होतो म्हणून डोकावलो, तर गडी खूश.

"आता उडत न्हाई राव. मीच केला रिपेर."

फ्यूज काढून बघितला, तर आत टोमॅटोच्या मांडवाची तार! चांगली दुहेरी पिळून बसवलेली.

रफिकभाई शांतपणे म्हणाले, "नाहीच उडणार. या तारेवर टोमॅटोचा अख्खा प्लॉट उभा राहतो. आता उडायचं झालं तर घर उडेल."

माणूस चांगला घाबरला. आत गेला आणि हातात काहीतरी घेऊन परत आला.

"मंग ही टाकू का? ही बारीक हाय. दोडक्याची."

*

मंचरला एका नव्या बंगल्यात वरच्या मजल्यावर वॉशिंग मशिनला हात लावला की मुंग्या यायच्या. मालक हुशार माणूस. "अर्थिंग मी स्वतः केलंय," म्हणाले. "मोबाईलवर बघून."

अर्थिंगची हिरवी वायर मशिनपासून निघून भिंतीच्या कडेनं गॅलरीत गेली होती, आणि तिथं तुळशीच्या कुंडीत खोचलेली होती.

"अर्थ म्हणजे मातीच ना?" मालक म्हणाले. "शिवाय पाणी रोज घालतो. ओल कायम!"

रफिकभाईंनी कुंडीतल्या ओल्या मातीला टेस्टर लावला. मग त्यांनी विचारलं, "तुळशीला नमस्कार कोण करतं?"

"मीच. रोज सकाळी, हात लावून."

"आजपासून लांबून करा."

*

हा माझ्या तोंडाचा दोष. घोडेगावच्या एका ओळखीच्या पोरानं मोठा ओव्हन आणला. चालू केला की घरातले दिवे मिणमिणायचे, भिंतीतून वास यायचा. त्याचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. म्हणालो, "ओव्हन बंद ठेव. आणि अजिबात लोड घेऊ नकोस, मी मंगळवारी येतो."

मंगळवारी गेलो. पंखे बंद, टीव्ही बंद, फ्रीजचं दार सताड उघडं. मेन स्विचच खाली पाडलेला! म्हातारे वडील लग्नपत्रिकेनं वारा घेत बसलेले.

"हे काय रे?"

"तुमीच म्हणले ना, अजिबात लोड घिऊ नको!"

तीन दिवस अख्खं घर असं बसलं होतं. मी काही बोलायच्या आत वडील अदबीनं म्हणाले, "भाऊ, आता थोडा घेऊ का? पंख्यापुरता?"

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. नारायणगावला माझी धाकटी बहीण दिली आहे. तिनं गिझर घेतला आणि मला जेवायला बोलावून विचारलं, "दादा, आपल्या घराला झेपल ना?" घराची वायर जुनी. नाही म्हणायला हवं होतं. पण समोर पुरणपोळी, भाऊजी आग्रह करतायत, तिचा चेहरा आशेनं फुललेला. मी म्हणालो, "झेपेल की!"

महिन्याभरात बोर्ड पेटला. बहिणीनं लाटण्यानं मेन पाडला म्हणून पडदा जळण्यावरच भागलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त दुकानात डबा पाठवला. वरच्या पुडात पुरणपोळ्या, खालच्या पुडात वितळलेली पिन. त्या दिवशी वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

रफिकभाईंनी पोळ्या खाल्ल्या, पिन बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "आजपासून 'झेपेल' मी म्हणायचं. तू फक्त वायरी ओढ."

*

मागच्या दिवाळीआधी रफिकभाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि नेमकं आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीवर ठमामावशी नावाच्या म्हातारीचं काम निघालं. मी एकटाच गेलो.

मावशींचा मुलगा चाकणला कंपनीत. आदल्या दिवाळीला सून-नातवंडं आली आणि एक रात्र राहून परत गेली. वर डोंगरात गारठा मरणाचा, थंड पाण्यानं धाकटी नात तापानं फणफणली. म्हणून मावशींनी पंधरा लिटरचा गिझर आणला होता.

"यंदा समदी दिवाळी ऱ्हायली पायजेत माझी लेकरं. बसव."

मी मीटरपासून नवी जाड वायर ओढली, खड्डा खणून अर्थिंग केलं, लोड वाढवायचा अर्ज मावशींच्या सहीनं लाईटच्या ऑफिसात दिला, तो मंजूर झाल्यावरच गिझर जोडला. घराचा प्रश्न मिटला. पण वाडीचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लांब, आणि सकाळी चौदाच्या चौदा घरांत मोटारी नि हिटर एकदम चालू होतात. मग व्होल्टेज इतकं पडतं, की गिझर नुसता दिवा दाखवणार!

मावशी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. हो म्हणावंसं फार वाटलं. पण म्हणालो, "मावशी, सकाळी नाही तापायचं पाणी. समद्यांचं चालू असतं."

"समद्यांचं?"

"हो."

"मंग सांगते त्यास्नी."

आणि खरंच, म्हातारी घरोघर फिरली. "पयल्या आंगुळीला सात वाजंस्तोवर कुणी काय बी लावायचं न्हाई. माझी नातवंडं न्हायाची हायेत!"

पहिल्या आंघोळीच्या दिवशी सकाळीच मावशींच्या मुलाचा फोन आला.

"काका, व्होल्टेज फुल हाय! पाणी लई कडक तापलंय. पण..."

"पण काय?"

"दारात वाडीतल्या समद्या बाया हुब्या हायेत, बादल्या घिऊन. म्हणत्यात, तुमच्यापायी आमचे हिटर बंद. आता आमच्या पोरांच्या आंगुळीचं बी बघा!"

"आणि बायको कुठंय तुझी?"

"न्हाणीत. बादल्या भरून देतीय. आजून आमचीच आंगूळ व्हायचीय."

मी मनात म्हटलं, झालं! दुपारच्या एसटीनं सून परत चाकणला. मावशींचं तोंड डोळ्यासमोर आलं आणि फराळ गोड लागेना.

चौथ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन. मागं बादल्यांचा खणखणाट आणि बायकांचा गलका.

"काका, मी ठमाबाईंची सून बोलतेय. रोज अख्खी वाडी पाणी न्यायला येते, पंधराचा पुरत नाही. पन्नासचा कधी बसवताय?"