परदेशी सुनेसाठी आणलेला कमोड

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी भिवंडीला आले. त्याआधीचं माझं सगळं आयुष्य नैरोबीत गेलं होतं. वडील तिथे रेल्वेच्या कचेरीत होते. पुण्याला मामाच्या घरी लग्न लागलं आणि दोन दिवसांनी टॅक्सीने आम्ही सासरी पोचलो. आळीतले सगळे म्हणत होते, परदेशातून सून आणली. मला वाटत होतं, परदेशात तर मी आत्ता आलेय. बाजूच्या शेडमधले लूम इतके खडखडत होते, की उखाणा मी ओरडून घेतला.

माप ओलांडून आत आले, तर सासरे दारातच उभे. कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, इस्त्रीचा पांढरा सदरा.

"चहा नंतर," ते म्हणाले. "सूनबाई, आधी एक वस्तू बघून घे."

घरातली सगळी मंडळी मागे, आणि मी पुढे, अशी आमची वरात मागच्या पडवीत गेली. तिथे पूर्वी लाकडं ठेवायची एक खोली होती. तिला नवं दार बसवलं होतं आणि दारावर सासूबाईंनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. सासऱ्यांनी दार उघडलं. आत एक पांढराशुभ्र कमोड होता.

मुंबईत जहाजं मोडतात तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी तो आणला होता. टाकीवर पितळेची पट्टी होती आणि तिच्यावर कुठल्याशा भाषेत बारीक अक्षरांत सूचना कोरलेल्या. सासरे म्हणाले, नॉर्वेची भाषा. नवरा म्हणाला, रशियन. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण परदेशाची माहिती असलेली मीच.

"छान आहे," मी म्हणाले.

अडचण अशी होती, की मी आयुष्यात कमोडवर बसले नव्हते. रेल्वेच्या ज्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो तिथे जमिनीतलाच संडास होता, अगदी इथल्यासारखा. रात्री नवऱ्याला हे सांगितलं, तर तो घाबरला.

"बाबांनी त्याच्यासाठी मुंबईला तीन खेपा घातल्यात. ट्रकमधून येताना मांडीवर धरून बसले होते. आता काही बोलू नकोस."

मी बोलले नाही. रोज सकाळी नळ येऊन गेला की दोन बादल्या घेऊन त्या खोलीत जायची, झाकण पाडून त्यावर बसायची आणि आईचं पत्र वाचायची. पत्र पाठ झालं तेव्हा पितळेची पट्टी वाचायला लागले. दहा मिनिटांनी दोन्ही बादल्या ओतून बाहेर यायची. पडवीत सासरे वर्तमानपत्र धरून बसलेले असत.

"व्यवस्थित ना?"

"हो बाबा."

मग दुपारी सगळे झोपले, की मी परसातल्या जुन्या संडासात जायची. त्या गावात पाणी तासभर यायचं, आणि त्यातल्या दोन बादल्या मी रोज सासऱ्यांच्या समाधानासाठी ओतत होते. पोटातलं वेळापत्रकही दुपारवर बसलं.

घरी येणाऱ्या माणसांना पोहे झाले की कमोड दाखवायची पद्धत पडली. सासऱ्यांचे कोर्टातले एक जुने सोबती हातात कपबशी घेऊनच आत गेले. "बसून बघू का?" म्हणाले, आणि धोतर सावरून झाकणावर बसले. चहा संपेपर्यंत तिथेच बसून त्यांनी पेन्शनच्या गोष्टी केल्या. सासरे दारात उभे राहून मान डोलवत होते. मला हसायला कुणी सोबत नव्हतं. हसण्यासारखं काही चाललंय असं त्या घरात कुणाला वाटतच नव्हतं.

बाकी माझं काही नीट जमत नव्हतं. एकदा सासूबाईंना मी सुफुरिया कुठेय असं विचारलं. नैरोबीत पातेल्याला तोच शब्द तोंडात बसलेला. मी एखाद्या मैत्रिणीची आठवण काढतेय असं वाटून त्या म्हणाल्या, "येईल हो तिचं पत्र."

समोर एका लूमवाल्यांचं मोठं घर होतं. त्यांच्या आईला सगळी आळी खाला म्हणायची. सासूबाई आणि त्या तीस वर्षांपासूनच्या शेजारणी. तीन वर्षांपूर्वी गावात दंगल झाली, त्यानंतर बोलणं बंद झालं नव्हतं, पण दोघी आपापल्या ओट्यावर उभ्या राहून बोलायच्या. मधला रस्ता कुणी ओलांडत नव्हतं.

एका सकाळी खाला काठी टेकत रस्ता ओलांडून आल्या आणि आमच्या पायरीवर थांबल्या.

"वहिनी, तुमच्या घरात ती खुर्ची हाय ना?"

सासूबाईंना कळेना. "कसली खुर्ची?"

"अगो, ती. सुनेची." त्यांनी आवाज खाली आणला. "माझे गुडघे गेले. डॉक्टर बोलतो, उकिडवं बसू नको. मग बसू कुठं? त्याला इचारलं तर तो हसतो."

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कोर्टातला माणूस, कागद ज्याचा त्यालाच विचारायचा ही सवय.

"वस्तू सूनबाईची आहे," ते म्हणाले. "तिला विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या घरात येऊन मला महिना झाला होता आणि आमटीत गूळ किती घालायचा हेसुद्धा मला अजून कुणी विचारलं नव्हतं.

"या ना खाला," मी म्हणाले. "मी पाणी ठेवते."

दुसऱ्या दिवशीपासून खाला रोज दहाला यायला लागल्या. आठवड्याने त्यांच्यासोबत त्यांची विधवा नणंद आली. मग सासूबाईंच्या भजनाच्या मंडळातल्या, पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्या एक काकू. वेळा एकमेकींवर आदळायला लागल्या, तेव्हा सासऱ्यांनी आखीव कागदावर, कोर्टाच्या अक्षरात, तक्ता करून दाराला लावला. शेवटची ओळ होती: सूनबाई, केव्हाही.

आपली पाळी येईपर्यंत बायका पडवीत बसायच्या. मी चहा करायची. तिथेच मला भिवंडी कळली. मासळीवालीला कुठला भाव सांगितला की ती उठून जायचं नाटक करते, ते खालांनी शिकवलं. लूमच्या आवाजात बोलायचं कसं, तेही त्यांनीच. ओरडायचं नाही, ओठ मोठे हलवायचे. भजनवाल्या काकूंनी माझं "मी करते छे" मोडून काढलं. नैरोबीच्या गुजराती शेजारणींकडून ते माझ्या मराठीत शिरलं होतं. सुफुरिया हा शब्द मात्र खालांना आवडला. त्यांच्या घरात तो बिर्याणीच्या मोठ्या हंड्याला लागला आणि तसाच राहिला.

पावसाळा संपता संपता एका दुपारी मी परसातून टमरेल घेऊन येत होते आणि समोर सासरे. त्या दिवशी त्यांना झोप लागली नव्हती.

"खुर्ची बिघडली?"

आता खोटं बोलणं मला जमेना. मी सगळं सांगितलं. ते धुण्याच्या दगडावर बसले.

"म्हणजे तुमच्याकडे नव्हता?"

"नाही बाबा. असाच होता, परसातल्यासारखा."

"मग चार महिने सकाळी आत काय करत होतीस?"

"आईची पत्रं वाचत होते."

मला वाटलं, आता रडतील किंवा रागावतील. मग ते हळूच म्हणाले, "रोज दोन बादल्या पाणी, सूनबाई!" आणि एकदम हसायला लागले. हसताना त्यांना ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला. सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवायचा असतो की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"एक कर," डोळे पुसत ते म्हणाले. "हे खालांना कळू देऊ नकोस. सुनेची वस्तू म्हणून त्या हक्काने येतात. फक्त त्यांच्यासाठीच ठेवलाय म्हटलं, तर संकोचतील, यायच्या बंद होतील. तू सकाळी जात जा. मात्र बादली एकच."

म्हणून पुढची सहा वर्षं मी जात राहिले. थोरलीच्या वेळी दिवस भरत आले, तेव्हा मला खरंच त्या खुर्चीचा उपयोग झाला आणि तिच्यावर बसणं फार सोयीचं असतं हे कळलं.

त्र्याण्णवच्या सुमारास खालांच्या मुलाने घर नव्याने बांधलं. आत गुलाबी फरशीची मोरी आणि तिथे कोरा कमोड. खाला स्वतः आमंत्रण द्यायला आल्या. "वहिनी, आता तुम्ही यायचं. नुसतं बघायला नाय, बसायला."

सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली, हातात नारळ घेतला आणि सकाळी दहाला रस्ता ओलांडून गेल्या. अकरा वाजले, बारा वाजले. सासरे ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. साडेबाराला समोरच्या खिडकीत सासूबाई दिसल्या. लूम चालूच होते. त्यांनी ओठ मोठे मोठे हलवले.

"काय म्हणतेय?" सासऱ्यांनी विचारलं.

"भात झाकून ठेवलाय, वाढून घ्या म्हणतायत," मी सांगितलं. "त्या तिकडेच जेवणार आहेत."