आरोहाच्या आजोबांना भेटायला

गेल्या शनिवारी मी अशा माणसाला भेटून आले, जो गुरुवारीच वारला होता. घाबरू नका, डोकं ठिकाणावर आहे माझं... सांगते.

ऑकलंडच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर आरोहा बसते. माओरी मुलगी, एक नंबरची बडबडी. तिचे आजोबा गेले म्हणून ती वायकाटोत, तिच्या गावी गेली होती. शनिवारी आम्ही चौघं तिच्याकडे जाणार असं ठरलं.

खरं तर मी नाहीच म्हणणार होते. दोन वर्षांपूर्वी माझे बाबा गेले तेव्हा मी इथेच होते. "किती वेळ ठेवणार गं?" म्हणत काकांनी उरकून घेतलं, आणि मी ते व्हिडिओ कॉलवर बघितलं... तेही अडकत अडकत. बाबांचा चेहरा शेवटचा असा नीट दिसलाच नाही. मला रडूसुद्धा आलं नाही. तेव्हापासून मयत म्हटलं की मी दहा हात लांब.

पण म्हटलं, दोन दिवस झालेत, एव्हाना सगळं आटोपलं असेल. आपण नुसतं भेटून यायचं. आपल्या रीतीप्रमाणे पांढरा कुर्ता घातला. त्यांच्याकडे चूल पेटली नसेल म्हणून डबाभर पिठलं-भात केला. आणि गाडी मी चालवली, बरं का! चिंचवडमध्ये बाबांनी दोन महिने शिकवून शेवटी हात टेकले होते. "तू आपली रिक्षानेच फीर, बाई!" म्हणाले होते.

त्यांच्या गावच्या सभागृहापाशी पोचलो आणि पहिला धक्का... झाडून सगळे काळ्या कपड्यांत. मी एकटी बगळ्यासारखी! दुसरा धक्का म्हणजे स्वयंपाकघर धडाडून चालू होतं. मटणाचा वास, पोरांचा दंगा, शंभरेक माणसं. मी डबा हळूच पाठीमागे लपवला.

मग आतून एका बाईंनी लांबलचक हाक दिली. गाणं म्हणावं की रडणं, कळेना. अंगावर सर्रकन काटा आला. ही पाहुण्यांना आत बोलावण्याची त्यांची रीत. आम्ही माना खाली घालून हळूहळू पुढे गेलो. मी मान वर केली आणि...

आई शप्पथ. समोर आजोबा! उघड्या शवपेटीत, सुटाबुटात, केस व्यवस्थित विंचरलेले. काहीही आटोपलं नव्हतं!

आरोहा त्यांच्या गालावर हात ठेवून बसली होती, त्यांना काहीतरी सांगत होती आणि चक्क हसत होती. रात्री सगळे तिथेच, त्यांच्याजवळ गाद्या टाकून झोपतात म्हणे. पर्थहून धाकटा मुलगा यायचाय, तोवर थांबणार.

थांबणार?... असं थांबता येतं? तुम्हाला खोटं वाटेल, पण मला भयंकर राग आला. कोणावर, ते मात्र सांगता येणार नाही.

भाषणं झाली, त्यांच्या भेटण्याच्या रीतीप्रमाणे सगळ्यांच्या नाकाला नाक लावून झालं. मग आरोहाची मावशी माझ्याजवळ आली. ठेंगणी, गोल, घोगऱ्या आवाजाची. मी घाईघाईने पांढऱ्या कुर्त्याबद्दल सॉरी म्हटलं. तिने हात झटकला आणि विचारलं, "बरोबर कोणाला आणलंयस?"

मी ऑफिसच्या मंडळींकडे बोट दाखवलं. ती नाही म्हणून मान हलवत राहिली. शवपेटीभोवती फ्रेम केलेले जुने फोटो मांडले होते, ते तिने दाखवले. म्हणाली, "ही आमची गेलेली माणसं. इथे येणारा प्रत्येक जण आपापली गेलेली माणसं घेऊन येतो. मघाची हाक त्यांनाही होती. आम्ही त्यांच्यासाठीही रडतो."

कसंबसं म्हटलं, "बाबांना."

"मग बोल की त्यांच्याशी. आमचा म्हातारा उद्या निघतोय, निरोप पोचवेल."

आणि मी बोलले हो! ज्यांना आयुष्यात कधी बघितलं नाही त्या आजोबांसमोर, भर गर्दीत, मोठ्यांदा, मराठीत. बाबा, मला गाडी यायला लागली. फुल लायसन्स मिळालं. आज इथवर मीच चालवत आले... मग बांधच फुटला. दोन वर्षांचं सगळं एकदम. "रडू नकोस" असं एकही माणूस म्हणाला नाही. मावशी माझा हात धरून माझ्याबरोबर रडत होती, आणि तिला बाबांचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

नंतर आम्हाला जेवायला बसवलंच. आपण मयताच्या घरी पाण्याला शिवत नाही, पण तिथे न जेवता निघणं शोभत नाही. माझं पिठलंही पंगतीला गेलं. तळलेल्या पावाबरोबर लोकांनी चाटूनपुसून संपवलं!

निघताना फाटकाशी एक नळ होता. सगळ्यांनी हात धुतले, डोक्यावर पाणी शिंपडलं आणि मगच बाहेर पडले. मी बघतच राहिले... हे तर आपलंच की!

घरी येऊन चिंचवडला आईला फोन लावला. पहिला प्रश्न, "आंघोळ केलीस का आधी?" केली, म्हटलं. मग सगळं सांगितलं. मला वाटलं, आता चिडणार.

"काय सांगितलंस त्यांना?" तिने हळूच विचारलं.

"गाडी चालवायला लागले म्हणून."

आई आधी हसली, मग तिचा आवाज भरून आला. म्हणाली, "झालं! आता ते वर सगळ्यांना सांगत सुटतील... मीच शिकवली तिला म्हणून."