अंगठ्याखालचा अंगठा

कॉफी मला कुंडीखालच्या बशीत मिळाली. मातीची बशी. कुंडीतून झिरपलेलं पाणी साचायला ठेवतात ती. कडेला क्षारांचा पांढरा थर बसलेला. आमच्या मालकीणबाईंनी, अक्कांनी, ती नळाखाली एकदा फिरवली, पायरीवर ठेवली आणि वरून कॉफी ओतली. कॅक्टस क्लबची पंधरा-वीस माणसं व्हरांड्यात खुर्च्यांवर बसली होती. त्यांच्या हातात चिनी मातीचे कप. लष्करातून निवृत्त झालेले एक मेजर होते, त्यांनी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग आपलं बिस्कीट खाल्लं.

"पी गं. गार होईल," अक्का म्हणाल्या.

मी प्यायले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मला कुणी फार शूर समजायला नको. मातीचा आणि शेणखताचा वास येत होता. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि बशी धुऊन पुन्हा कुंडीखाली ठेवली. त्या दिवसाचा राग अक्कांवर येतो तेवढाच माझा मला येतो.

साठ-एकसष्ट साल असेल. माझा नवरा बेंगळुरूत कापडाच्या गिरणीत लागला म्हणून मी निपाणीकडून इथं आले. आम्ही रेल्वेच्या रुळांपलीकडे श्रीरामपुरमला राहायचो आणि रूळ ओलांडून मी मल्लेश्वरमला अक्कांच्या बंगल्यात बागकामाला जायचे. अक्कांचं घराणं या शहरात नऊ-दहा पिढ्यांपासूनचं. घरात मराठी, बाहेर कन्नड, पाहुण्यांशी इंग्रजी. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा खुलला होता. "आपली भाषा बोलणारं माणूस मिळालं, बरं झालं," असं म्हणाल्या. मग विचारलं, "गावात घर कुठे तुमचं?"

"महारवाड्यात," मी म्हणाले.

चेहरा मिटला. दुसऱ्या दिवसापासून मी 'तुम्ही'ची 'ए' झाले. मागच्या फाटकानं यायचं. स्वयंपाकघराच्या पायरीला पाय लावायचा नाही. कुंड्यांना हात लावायचा, माणसांना नाही. अक्कांच्या गच्चीवर तीनशेवर कुंड्या होत्या. त्यांचे काटे माझ्या बोटांत मोडायचे, त्याला मात्र कसलाच विटाळ नव्हता. इथं मोठ्या बाईला अक्का म्हणतात. अक्का म्हणजे थोरली बहीण. सहा वर्षं मी त्या बाईला बहीण म्हणत होते.

क्लबातली मंडळी अशीच. निवृत्त साहेब, डॉक्टरीणबाई, कॉलेजातले प्राध्यापक. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकेकाच्या बंगल्यात जमायची, एकमेकांचे कॅक्टस बघायची आणि त्यांची लांबलचक लॅटिन नावं घ्यायची. अक्कांना सगळी नावं पाठ होती. कलमाचं पातं कसं धरायचं ते येत नव्हतं.

अक्कांच्या पुतण्यानं जपानहून एक लाल गोळा आणला होता. लिंबाएवढा कॅक्टस, पण अंगात हिरवेपणा औषधालासुद्धा नाही. असा गोळा स्वतःच्या मुळांवर जगत नाही. खाली दुसरा हिरवा खुंट लागतो. तो जमिनीतून घेतो, हा वर बसून खातो आणि लोक वरच्याचं कौतुक करतात. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आमच्या अक्काच आल्या आहेत जपानहून.

पावसाळ्यात खालचा खुंट सडला. अक्का रडवेल्या झाल्या. तसला गोळा तेव्हा गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मी म्हटलं, मला द्या. नव्या खुंटावर बांधला, तीन आठवड्यांत तो धरला, महिनाभरात वर टपोरला. अंगाला चार पिल्लं फुटली.

हे मला माझ्या बापानं शिकवलेलं. तो निपाणीजवळ एका बागेत आंब्याची कलमं बांधायचा. कॅक्टसचं तंत्र थोडं निराळं, पण हात तोच. पातं जाळावर धरायचं. खुंट एका फटक्यात कापायचा, गोळा एका फटक्यात कापायचा. कापल्या जागी आत एक फिकट कडं दिसतं. कड्यावर कडं बसवायचं, आणि अंगठ्यानं दाबत किंचित सरकवायचं, आतली हवा निघून जाईतो. मग दोऱ्यानं बांधायचं. दाब कमी पडला तर धरत नाही, जास्त झाला तर गोळा चिरडतो. तो दाब तोंडानं सांगता येत नाही. माझ्या बापानं माझा अंगठा आपल्या अंगठ्याखाली घेऊन दाबला होता, तेव्हा मला कळला.

हिवाळ्यात क्लबाचं प्रदर्शन भरलं. नियम असा की झाड मालकानं स्वतःच्या हातांनी वाढवलेलं असलं पाहिजे, आणि तसं कार्डावर लिहून खाली सही करायची. अक्कांनी सही केली. मी कुंडी मांडीवर घेऊन जटक्यातून, म्हणजे इथल्या टांग्यातून, हॉलच्या दारापर्यंत गेले आणि तिथं ती अक्कांच्या हातात दिली. दिवसभर बाहेर घोड्याजवळ बसले. संध्याकाळी अक्का चांदीचा कप घेऊन बाहेर आल्या. गोळ्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

त्याच कौतुकासाठी पुढच्या रविवारी अक्कांकडे बैठक झाली. कॉफीची बशी त्याच दिवशीची. सगळ्यांनी आग्रह धरला, पुढच्या महिन्यात तुम्ही आम्हाला कलम करून दाखवा. अक्का हसून 'सरी, सरी', बरं बरं, म्हणाल्या. मंडळी फाटकाबाहेर पडल्यावर धावत गच्चीवर आल्या.

"ए, मला शिकव."

मी मुकाट्यानं शिकवायला लागले. तिथंही मूग गिळले. साधे हिरवे गोळे घेतले. अक्का टेबलाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मी माझ्या खुंटावर करायचे, त्या बघून त्यांच्या खुंटावर करायच्या. पहिला घसरला. दुसरा चिरडला. तिसरा दोऱ्यात बांधला गेला आणि चार दिवसांनी सुकून पडला. असे सात झाले.

"स्वल्प, जरा नीट सांग की. किती दाबायचं?"

"सांगून येत नाही, अक्का. हात द्या, दाखवते."

मी हात पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. नुसता मागे नाही, पदरात गुंडाळला. तोच हात होता तो, ज्यानं कार्डावर सही केली होती. माझं काम आपलं म्हणून घेताना त्याला काही झालं नव्हतं. माझी कातडी लागली असती तर मात्र बाटला असता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी हातातलं कलम बांधून संपवलं. पण त्या रात्री मला ती बशी आठवत राहिली, आणि आपण ती धुऊन जागेवर ठेवली हेही आठवत राहिलं.

बैठकीचा रविवार आला. व्हरांड्यात टेबल, टेबलावर पांढरं कापड, पातं, दोरा, खुंट. अक्कांनी हौसेनं लाल गोळ्याचंच एक पिल्लू काढलं. मी पायरीवर. त्यांनी कापलं ते बरं कापलं. इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. मग पिल्लू ठेवलं आणि दाबलं. ते चिरडलं, कापडावर लाल पाणी पसरलं. दुसरं पिल्लू काढलं. ते घसरून जमिनीवर पडलं आणि मेजरच्या बुटापाशी जाऊन थांबलं.

अक्कांनी कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. मंडळी हसली. डॉक्टरीणबाईंनी कन्नडमध्ये मला सांगितलं, "तुझ्या बाई म्हणतात, त्यांनी तुलाही शिकवलंय. आज त्यांचा हात दुखतोय. तू कर."

"हात धुऊन ये," अक्का मराठीत म्हणाल्या.

मी उठले. बशी आदल्या बैठकीसारखीच पायरीवर तयार ठेवलेली होती. ती उचलली. व्हरांडा चढले, सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि ती बशी पांढऱ्या कापडावर ठेवली. मग कन्नडमध्ये बोलले. मराठीत बोलले असते तर ते आमच्या दोघींतच राहिलं असतं.

"यांनी मला शिकवलं नाही. मी यांना शिकवत होते. महिनाभर. हातात हात घेतल्याशिवाय हे येत नाही, आणि यांना माझ्या हाताला शिवायचं नव्हतं. बक्षिसाचं झाड मी बांधलंय. ही बशी माझा कप आहे. आता तुम्ही करा."

अक्कांचा चेहरा त्या गोळ्यासारखा झाला. एक जण म्हणाले, "हिला बाहेर काढा." मला काढायची गरज नव्हती. मी निघाले, पण मागच्या फाटकानं नाही. पुढच्या फाटकानं. ते जड होतं, उघडायला दोन्ही हात लागले.

कप अक्कांकडेच राहिला. कार्डावरची सही कुणी खोडली नाही. क्लब पुढच्या महिन्यात दुसऱ्या बंगल्यात भरला. नवरा म्हणाला, "तोंड वाजवून काय मिळवलंस?" काम गेलं होतं आणि चूल पेटवायची होती.

आठ दिवसांनी मेजर आमच्या चाळीत आले. नाकाला रुमाल लावून बोळातून आले आणि दारापासून चार हात लांब उभे राहिले. म्हणाले, माझ्या बागेत ये. मला शिकव. आमच्याकडे तुला कप मिळेल, वेगळा ठेवू.

"शिकवते," मी म्हणाले. "आत्ताच पहिला धडा घ्या."

दारात माझा स्वतःचा खुंट होता, डब्यात लावलेला. मी पातं काढलं आणि दुसरा हात त्यांच्यापुढे धरला. ते हाताकडे बघत राहिले. लढाई बघितलेला माणूस. मग त्यांनी आपला हात खिशात घातला आणि आल्या वाटेनं गेले.

मी हात बराच वेळ तसाच धरून ठेवला होता. शेजारणी बघत होत्या, बघू दिलं. मग आत जाऊन माझ्या पोरीला बोलावलं, तिचा अंगठा माझ्या अंगठ्याखाली घेतला आणि दाबला. एवढं, म्हटलं. एवढंच. आणि एक गोष्ट कायमची ध्यानात ठेव. जो तुझा हात धरणार नाही, त्याच्यासाठी पातं उचलायचं नाही. त्याची झाडं सडली तर सडू देत.